निळ्या झाकणाचं तेल

“साहेब, तुम्ही मोबाईलवर एक लेख वाचलात आणि माझ्या पोटावर पाय दिलात. दुकानात पाऊल न टाकता बाहेरूनच सील ठोकलंत. असं तोंडावर बोलून आले मी त्यांना,” तेलवाली म्हणाली आणि खुर्चीत बसली.

“परवाना कचेरीतले साहेब काय म्हणाले?” चिमटाबाईंनी विचारलं.

“म्हणाले, इंटरनेटवर आलंय म्हणजे काहीतरी असणारच.”

चिमटाबाई हे नाव लोकांनी ठेवलेलं. माणसाच्या पोटातली गोष्ट त्या काट्यासारखी अलगद उपसून काढत. शोध घेण्याचा त्यांचा धंदाच होता. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दाजी, नोकरी संपल्यापासून त्यांच्या मागे मागे असत. दाजींचं डोकं चांगलं होतं, फक्त मुक्कामी उशिरा पोचायचं.

“लेखात काय आहे?”

“मला वाचवत नाही, बाई. पहिल्या ओळीलाच डोळ्यांपुढे अंधारी येते. हा घ्या, पाठवते तुम्हाला.” तेलवालीने डोळे पुसले. “आज संध्याकाळी माझे दीर कागद घेऊन येणार. दुकान त्यांच्या नावावर करायचं, मग ते नवा परवाना काढणार. सही केली तर माझ्याच तेलाच्या दुकानात मी मोलकरीण. नाही केली तर सील तसंच. हे गेल्यावर मी हे दुकान दोन हातांनी उभं केलंय.”

ती गेल्यावर दाजींनी लेख वाचून दाखवला. ‘ग्राहकांच्या सर्वेक्षणातून धक्कादायक माहिती. या दुकानाच्या तेलाने अनेकांच्या डोक्याला फोड. सर्वाधिक तक्रारी निळ्या झाकणाच्या तेलाबद्दल.’ खाली लिहिणाऱ्याचं नाव: एक जागरूक ग्राहक.

“जागरूक आणि बिननावाचा,” चिमटाबाई म्हणाल्या. “चला, दाजी.”

दुकानाच्या दाराला सील होतं. चिमटाबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. आत फळ्यांवर बाटल्यांच्या रांगा, प्रत्येकीच्या तोंडात लाकडी बूच, बुचाभोवती दोरा.

“कशाला डोळे फोडताय?” दाजी म्हणाले. “चोर समोर बसलाय.”

समोरच्या दुकानातही तेलच होतं. तशाच बाटल्या, तसंच बूच, दोऱ्याचा रंगही तोच.

“नक्कल छान जमलीय,” चिमटाबाई म्हणाल्या.

“जमणारच,” समोरचा दुकानदार जराही न लाजता म्हणाला. “तिने नवी बाटली काढली की पहिलं गिऱ्हाईक मी. तिच्या फळीवर काय आहे ते तिच्यापेक्षा मला पाठ.”

“मग हा लेख तुमचा?”

“बाई, ती बंद पडली तर मी बघून बघून कोणाचं करू?”

बाहेर आल्यावर दाजी पुटपुटले, “किती निगरगट्ट. हाच.”

तेलवालीने इंटरनेटवर नाव व्हावं म्हणून दोन माणसं धरली होती. ग्राहकांना प्रश्न विचारून सर्व्हे करणारी एक बाई आणि त्या सर्व्हेवरून लेख लिहिणारा एकजण.

लेखवाला एका कोंदट खोलीत संगणकावर केसांच्या निगेचा लेख बडवत बसला होता. “मी फक्त स्तुती लिहितो,” तो म्हणाला. “निंदेला गिऱ्हाईक कुठे आहे? आणि सर्व्हेचा निकाल आल्याशिवाय मी लिहू काय? तो अजून आलेलाच नाही. प्रश्न काय आहेत तेही ती मला दाखवत नाही.”

“घाम फुटला होता त्याला,” जिन्यात दाजी म्हणाले. “मला वाटतं, हाच.”

“मघाशी समोरचा होता.”

“दोघे मिळून असतील.”

सर्व्हेवाली हसली. “त्याला प्रश्न दाखवले तर तो उत्तरं आधीच लिहून मोकळा होईल. नाही हो, सर्व्हे अजून एकाही ग्राहकाला गेलेला नाही. उघडतो का ते बघायला दुकानाच्या फोनवर तेवढा एकदा पाठवला. तिथून उत्तरच नाही.”

“लोक खरी उत्तरं देतात?”

“निम्मे न वाचता टिचक्या मारतात. म्हणून प्रत्येक सर्व्हेत मी दुकानात नसलेली एक वस्तू घुसवते. तिच्याबद्दल कोणी मत दिलं की त्याचा अख्खा सर्व्हे टोपलीत. आमच्या कामात सगळेच करतात.”

कोणती वस्तू, हे चिमटाबाईंनी विचारलंच नाही. दाजींना ते खटकलं.

दीर घरीच होता, कागद तयार ठेवून. “दुकानाचा फोन माझ्याकडे असतो. वहिनीचे हात सदा तेलात. दादा गेल्यापासून सगळं मीच ओढतोय. अर्धं दुकान माझंच समजा.”

“तो सर्व्हे पाहिलात?”

“आला असेल. असल्या भानगडी मी उघडत नाही.”

“मग कागद घेऊन साहेबांच्या कचेरीतच या. सही तिथेच होऊ दे.”

दीर खुशीत आला.

कचेरीत साहेब, तेलवाली, दीर, सर्व्हेवाली आणि भिंतीला टेकून दाजी. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

“एकच विचारते,” चिमटाबाई दिराकडे वळल्या. “अर्धं दुकान तुमचं. मग निळ्या झाकणाचं तेल कुठल्या फळीवर असतं?”

“मधल्या.”

“नक्की?”

“रोज बघतो की.”

तेलवाली त्याच्याकडे बघतच राहिली. “भावोजी, कुठलं निळं झाकण? आपल्या एकाही बाटलीला झाकण नाही. सगळ्यांना बूच आहे.”

“ते तेल माझं,” सर्व्हेवाली म्हणाली. “मी घुसवलेलं. जगात कुठेच नाही.”

“जगात दोनच ठिकाणी होतं,” चिमटाबाई म्हणाल्या. “हिच्या सर्व्हेत आणि त्या लेखात. म्हणजे लिहिणाऱ्याने सर्व्हे वाचला होता आणि दुकानाची फळी पाहिली नव्हती. समोरच्याला फळी तोंडपाठ, तो असं लिहिणार नाही. लेखवाल्याने प्रश्न पाहिलेच नाहीत. हिने सापळा स्वतःच लावला, ती त्यात पाय कशाला घालेल? ग्राहकांकडे सर्व्हे गेलाच नव्हता. तो गेला एकाच फोनवर.”

“मी लेखात वाचलं, म्हणून बोललो,” दीर म्हणाला.

“लेखात फळी नव्हती. ती तुम्ही आत्ता बनवलीत. तुम्ही खरंच रोज बघत असतात, तर लेख वाचल्याबरोबर इथे येऊन सांगितलं असतंत, की असं तेल आमच्याकडे नाही. सील निघालं असतं. पण सील निघालं तर वहिनी सही कशाला करेल?”

दिराने कागद हळूच मागे ओढला. “दुकान बुडवायचं नव्हतं मला,” तो खाली बघत म्हणाला. “नावावर झालं की चालवणारच होतो.”

“म्हणजे समोरचा नाही,” दाजी भिंतीपाशी म्हणाले.

साहेब खाकरले. “बरं, बाई, तुम्ही एक रीतसर अर्ज करा. आम्ही विचार करू.”

तेलवालीने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“ह्यांचं मी घरी बघेन. तुमचं इथे. अनेकांच्या डोक्याला फोड आले, असं वाचून तुम्ही आलात. त्या अनेकांतल्या एकाला तरी भेटलात? एकाचं तरी डोकं पाहिलंत? नसेल पाहिलं, तर सील कशावर ठोकलंत, साहेब? अर्जाचं मग बघू. आधी हे सांगा.”