उजव्या कोपऱ्यातला ठिपका

"अहो! थुंकताय काय त्यात!"

तियुम्बा स्टुलावरून अशी उठली की मांडीवरचे बारके स्क्रू चहूकडे उडाले. तिच्या कॅमेरा-सफाईच्या टपरीसमोर, घानातल्या तामालेच्या भर बाजारात, एक उंच तरुण मोटरसायकलवर बसून, कॅमेऱ्याची लेन्स काढून आत फू फू करत होता. आणि बाहेर सहारातून धूळ आणणारा हरमॅटनचा वारा असा सुटलेला, की माणसाच्या पापण्यासुद्धा पिवळ्या व्हाव्यात.

"थुंकत नाहीये. फुंकतोय."

"एकच ते! आधी नुसती धूळ होती, आता चिखल झाला. आणा इकडे."

त्यानं निमूट दिला. नापारी त्याचं नाव. जिथे ढोल वाजेल तिथे हा फोटो काढायला हजर... बारसं असो की लग्न.

"चौदा फोटो काढले, चौदाही फोटोंत ठिपका. वरती, मधोमध, भर आभाळात. म्हणून मी आत वरच्या बाजूला रुमालानं पुसलं, तरी..."

"रुमालानं?" शेजारच्या शिवणकामवाल्या आझारा मावशीनं मशीनच थांबवलं.

"आत चित्र उलटं पडतं," तियुम्बा म्हणाली. "फोटोत वर दिसतो तो ठिपका सेन्सरवर खाली असतो. डोकं खाली करून बघा, कळेल."

पठ्ठ्यानं खरंच डोकं खाली केलं. टोपी पडली. आणि तियुम्बाला हसू आलं... नको तेव्हा, नको तितकं.

तिनं रबरी फुग्यानं हवा मारली, ओली पट्टी एकदाच, सरळ फिरवली. मग अ‍ॅपर्चर अगदी बारीक करून आभाळाचा फोटो काढला, कारण बारीक भोकातूनच लबाड ठिपके सापडतात. आभाळ कसं, धुवून वाळत घातलेल्या चादरीसारखं पांढरं. सगळं साफ! फक्त उजव्या कोपऱ्यात, वर, तिळाएवढा एक राहिलेला.

तिनं नवी पट्टी उचलली. मग सहज त्याच्याकडे बघितलं. तो टोपी झटकत होता, आणि झटकलेली सगळी धूळ स्वतःच्याच नाकातोंडात घेत होता.

तिनं पट्टी परत ठेवून दिली.

सहा वर्षांच्या धंद्यातली ही तिची पहिली लबाडी. टपरीवर पाटी होती: ठिपका राहिला तर पुढची सफाई फुकट.

पुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून स्वारी दारात. "उजव्या कोपऱ्यात एक आहे."

"हरमॅटन आहे, काय करणार!" तियुम्बानं चेहरा असा केला, जणू वारा तिचा सख्खा मामा आणि तिला त्याची लाज वाटतेय.

मग दर शुक्रवार तसाच. सफाई फुकट, म्हणून तो येताना कधी बाजरीचा गार, दुधाळ फुरा प्यायला आणायचा, कधी तिखट मसाल्यात तळलेली गरम केळी. तिनं आजूबाजूचं सगळं लख्ख करायचं आणि त्या एका तिळाला हात लावायचा नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मावशीला कळलं.

"केळी तिखट आहेत आज," तियुम्बा म्हणायची.

"तुझ्यासारखीच," तो म्हणायचा, आणि मावशीचं मशीन उगाचच जोरात चालायचं.

पण फेब्रुवारी सरला आणि वारा पडला. एका सकाळी तियुम्बा टपरी उघडते तर डोक्यावर आभाळ निळंशार! लांबची मशीद स्वच्छ दिसत होती.

"आता काय सांगशील गं?" मावशी दोरा दातानं तोडत म्हणाली. "धूळ गेली. धुळीबरोबर नापारीही गेला की!"

शुक्रवारी तो आला... पण हात रिकामे. ना फुरा, ना केळी. खिशातून त्यानं एक लिफाफा काढला आणि टेबलावर फोटो मांडले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी... दहा शुक्रवारचे दहा फोटो.

"बघ. बाकीचे ठिपके आले नि गेले. हा एक जागचा हलला नाही. वाऱ्यानं येणारी धूळ दर वेळी त्याच जागी बसते होय?"

तियुम्बाचे कान तापले. गेली पाटी, गेलं नाव... आणि हाही गेला.

"मी..."

"थांब." त्यानं अकरावा फोटो ठेवला. दहाव्या फोटोतलंच बारसं, तेच आभाळ, ठिपक्याचा मागमूस नाही. "संगणकावर एका टिचकीत जातो. गिऱ्हाइकांना तो कधी दिसलाच नाही."

"मग... यायचास कशाला?"

"फुकट होतं ना!"

तिनं रबरी फुगा उचलून त्याच्या तोंडावर हवा मारली. तो हसला, मग कॅमेरा तिच्यापुढे सरकवला.

"आज मात्र तो काढ, तियुम्बा. खरोखरचा."

"का?" आवाज नको तितका बारीक निघाला.

"ठिपक्याच्या जिवावर किती दिवस यायचं?"

तिनं पट्टी ओली केली. एकदा फिरवली. गेला नाही. "तीन महिने ठेवला की घट्ट बसतो," ती मान वर न करता पुटपुटली.

"माहितीय," तो म्हणाला.

दुसऱ्या पट्टीला गेला. तिनं निळ्या आभाळाचा फोटो काढला. दोघांनी डोक्याला डोकं लावून कोपरान् कोपरा तपासला. काहीच नव्हतं. डोकी मात्र कुणी मागे घेईना.

"आता सांगायला काही उरलं नाही," ती म्हणाली.

"आहे की." त्यानं दुसऱ्या खिशातून रुमाल काढला. तोच, सेन्सर पुसलेला! आत कोलाच्या बिया होत्या, मागणी घालायला नेतात तशा, लालपांढऱ्या, ताज्या. "रविवारी माझे काका या घेऊन तुमच्या घरी येतील. त्यांना पाठवू ना?"

तियुम्बानं रुमालाकडे बघितलं. "बिया चालतील. पण तो रुमाल माझ्या घरात येणार नाही."

"म्हणजे... हो?"

तिला उत्तर द्यायला मिळालंच नाही. आझारा मावशीचा हात मधूनच आला, एक बी उचलली, कचकन फोडली.

"हो म्हणजे हो!" मावशी चावता चावता म्हणाली. "किती वेळ लावता रे, तीन महिने मशीनच्या आडून ऐकतेय मी!"