समुद्रकाठचा झिरा

लाटांच्या गाजेत एक ओळखीचा आवाज आला – कट्!

सिद्धेश्वरी थबकली. कोकणातल्या या निर्मनुष्य, खडकाळ किनाऱ्यावर कडक भाकरी कोण मोडतंय?

काळ्या कातळाआड एक तरुण पाठीवरची मोठी सॅक उतरवून बसला होता. मांडीवर भाकरी, भाकरीवर शेंगाचटणी.

"सोलापूरकडचे का?" तिनं न राहवून विचारलं.

"सांगोल्याचा. महेश्वर." त्यानं अर्धी भाकरी पुढं केली. "आणि तुम्ही ज्या नजरेनं चटणीकडं बघताय... तुम्ही पण तिकडच्याच की!"

वाट एकच, म्हणून दोघं बरोबर निघाले. त्याची डाळिंबाची बाग होती. बहर धरायच्या आधी तो समुद्र बघायला आला होता. तिच्यासाठी मात्र ही नुसती भटकंती नव्हती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिनं गोव्याला समुद्रविज्ञानासाठी प्रवेश मिळवला होता. पण अप्पा म्हणाले होते, "जन्मात समुद्र बघितला न्हाईस आणि त्याच्यावर शिकणार? आधी दीपस्तंभाच्या गावापर्यंत किनारा पायी चालून दाखव. मधनंच गाडी-होडी बोलावलीस, तर गोवा विसरायचा."

एका चढावर महेश्वरनं हात पुढं केला.

"नको. बुटाला पुरेसं घर्षण आहे."

पुढच्याच पावलाला ती घसरली. त्यानं पकडलं.

"घर्षण कुठं गेलं म्हणायचं?"

"शेवाळ... हिशेबात धरलं नव्हतं," ती पुटपुटली. हात मात्र दोघांनीही लगेच सोडला नाही.

या झटापटीत त्याचा पाण्याचा कॅन निसटून खाली खडकावर फुटला. तिच्या बाटलीत दोन घोट उरले होते. समुद्रात घुसलेलं पुढचं डोंगराचं टोक फक्त ओहोटीलाच ओलांडता येणार होतं, आणि दोघं अलीकडच्या छोट्या पुळणीवर, वाळूच्या पट्ट्यावर, उतरेपर्यंत भरतीनं मागची वाटही गिळली. आता सकाळपर्यंत इथंच.

महेश्वरनं फोन काढला. "होडीवाल्याचा नंबर आहे. बोलावू?"

तिचा घसा कोरडा पडला होता. डोळ्यांसमोर गोवा दूर दूर चालला होता. "जरा थांबा ना..."

महेश्वर फोन खिशात टाकून गुडघ्यांवर बसला आणि ओंजळीनं वाळू उपसू लागला.

"हे काय?"

"झिरा. आमची माण नदी आटली की पात्रात असंच खणून पाणी काढतात."

"अहो, समुद्रात झिरा?" ती खळखळून हसली. त्यानं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "लई खारट!"

हसता हसता तिची नजर एका जागी खिळली. मागं डोंगराच्या पायथ्याशी केवड्याचं हिरवंगार बन होतं, आणि त्यातून एक कोरडा ओहळ पुळणीवर उतरला होता.

"महेश्वर, गोडं पाणी हलकं असतं. डोंगरातून झिरपलं असेल, तर खाऱ्यावर तरंगत असेल. तिकडं खणा, भरतीच्या रेषेच्या वर... पण उथळ!"

"उथळ? आम्ही तर कोपरभर..."

"उथळच! खोल गेलात तर पुन्हा खारं लागेल."

दोघांचे हात वाळूत एकत्र चालू लागले. गढूळ पाणी साचलं. ती ओंजळ भरणार, तेवढ्यात त्यानं तिचं मनगट धरलं. "पहिलं उपसून टाकायचं असतं. दुसरं घ्यायचं."

दुसरं पाणी नितळ आलं. एकाच ओंजळीतून दोघांनी चाखलं.

"गोड!" ती ओरडली. उकळायला भांडं मांडतानाही तिचं हसू थांबत नव्हतं.

सकाळी ओहोटी लागली आणि ते टोक दोघांनी चालत ओलांडलं. पलीकडं गाव, बंदर, दीपस्तंभ! तिनं फोन लावला.

"अप्पा, पोचले. सगळं पायी!"

पलीकडून अप्पांचा भरलेला आवाज, "...मग गोव्याला आता गाडीनं जा की."

महेश्वर वाळूत अंगठा रुतवत उभा होता. "सांगोल्यापासून गोवा लांब पडतो..."

"झिरा काढणारा माणूस अंतराला भितो?"

"भीत नाही. फक्त... तुम्ही मला लई आवडलाय, एवढं सांगायचं होतं."

तिनं हात पुढं केला.

"इथं तर सपाट वाळू आहे," तो म्हणाला. "घसरायची भीती नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "धर."