लागेवेरचं वाढदिवसाचं कॅलेंडर

लागेवेर हे डच खेडं समुद्राच्या पातळीपेक्षा चार मीटर खाली आहे. एक कालवा, एक चर्च, चाळीसेक घरं आणि नजर पोचेल तिथवर सपाट गवत. खिडक्यांना पडदे नाहीत. आतली माणसं आपल्याकडे बघून हात करतात. हार्लेम शहरातल्या आमच्या दोन खोल्यांत बाळ कसं वाढवायचं, म्हणून अमृताने इथलं एक घर हेरलं होतं. तिला सातवा महिना होता.

आधीचं बाळ चौथ्या महिन्यात गेलं. तेव्हा आम्ही आनंदाच्या भरात जगभर सांगून बसलो होतो. या वेळी मुलगा आहे हे आईलाही कळवलं नव्हतं. निहार हे नाव तर फक्त आमच्या दोघांतच. बारशाआधी ते बाहेर काढायचं नाही, असं अमृताने बजावलं होतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर, असल्या गोष्टींना हसणारा. पण पुन्हा तसं व्हायची भीती मलाही होती, म्हणून गप्प बसलो.

घर पाहून झाल्यावर शेजारच्या हिल्येबाईंनी कॉफीला बोलावलं. ऐंशीच्या पुढच्या, प्रेमळ बाई. कॉफीबरोबर त्यांनी टोस्ट दिले, वर बडीशेपेच्या निळ्या-पांढऱ्या गोळ्या.

"कसलं गोड आहे ना!" अमृता म्हणाली.

मी हातातला टोस्ट बशीत ठेवला. आमच्या ऑफिसात हे टोस्ट मुलगा झाल्यावर वाटतात. झाल्यावर.

मी टॉयलेटला गेलो. इथल्या घरोघरी असतं तसं भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर होतं. त्यावर साल नसतं, वर्षानुवर्षं तेच चालतं. गेलेल्या माणसांच्या नावापुढे बाईंनी पेनाने छोटा क्रूस काढला होता. क्रूस बरेच होते.

चाळा म्हणून मार्च उघडला. डॉक्टरांनी दिलेली आमची तारीख नऊ.

नऊपुढे नाव होतं. निहार.

शाई जुनी, फिकी पडलेली. पुढे क्रूस नव्हता. मी बोट फिरवून पाहिलं.

बाहेर येऊन अमृताला मराठीत विचारलं, "नाव सांगितलंस यांना?"

"वेडा आहेस का? बारशाआधी?"

"निघू या. हे घर नको."

"अरे, मी आत्ताच त्यांना म्हटलं, येतोय राहायला."

"नाही म्हणून सांग. प्लीज."

माझा चेहरा बघून तिने वाद घातला नाही. बाईंना म्हणाली, सॉरी, आम्ही येणार नाही.

हिल्येबाई रागावल्या नाहीत. अमृताच्या पोटाकडे बघून त्यांनी हळहळत मान हलवली, खणातून पेन काढलं आणि टॉयलेटकडे गेल्या.