गळ्यातल्या बटणाची घंटा

आईला जाऊन आज सातवा दिवस. आज ती निरोप घ्यायला घरी येणार, म्हणून लेकीने, लाय पेंगने, तिची बिनसाखरेची कॉफी आणि वाफवलेली कोंबडी टेबलावर मांडली आणि उंबऱ्यापासून आत सगळीकडे तांदळाचं पीठ भुरभुरलं. मलेशियातल्या इपो शहराच्या त्या चिनी गल्लीत घरोघरी हीच रीत. दिवे मालवायचे, खोलीत दार लावून बसायचं आणि काही झालं तरी ओ द्यायची नाही. घरच्यांचा आवाज कानी पडला की गेलेल्या माणसाचा पाय निघत नाही.

थोरला भाऊ कॉक मेंग दाराजवळच्या अलार्मपाशी उभा होता. तो त्यानेच आईसाठी बसवून घेतला होता. चोर शिरला तर सलग भोंगा, आग लागली तर तीन ठोके, मग थांबून पुन्हा तीन, नुसतं दार उघडलं तर टिंगटाँग. आणि आईने मदतीसाठी गळ्यातलं बटण दाबलं तर सावकाश वाजणारी घंटा.

"चोराचा भोंगा बंद करतो," तो म्हणाला. "नाहीतर आईलाच चोर ठरवेल आणि म्हातारी शिव्या घालत परत जाईल."

"आणि घंटा?"

"ती बंद होतच नाही. पण वाजवणार कोण? बटण तर तूच शवपेटीत तिच्याबरोबर दिलंस."

ते गळ्यात असल्याशिवाय आईला झोप लागत नसे. म्हणून लाय पेंगने रडत रडत ते तिच्या गळ्यात तसंच राहू दिलं होतं.

लाय पेंगच्या खोलीत दोघं अंधारात बसून राहिली. दाराच्या फटीतून उदबत्तीचा वास येत होता. बऱ्याच वेळाने टिंगटाँग झालं आणि लाय पेंगला भरून आलं. आई आली होती. आता दोन घास खाईल, घरावरून नजर फिरवेल आणि सुखाने जाईल.

मग घंटा वाजू लागली. सावकाश... थांबून थांबून...

वर्षभर या घंटेसरशी लाय पेंग हातातलं टाकून धावली होती. ती उठली तशी कॉक मेंगने तिचा दंड धरला.

"नको..." तो कुजबुजला. "ओ देऊ नकोस... तिला जाऊ दे..."

घंटा थांबेना.

"आले गं आई..." लाय पेंगच्या तोंडून निघूनच गेलं.

घंटा तिथल्या तिथे थांबली.

सकाळी पिठात अनवाणी पावलं उमटलेली होती, उंबऱ्यापासून थेट लाय पेंगच्या दारापर्यंत. परतीचं एकही नव्हतं. कॉक मेंगचा चेहरा उतरला. आत्ताच्या आत्ता देवळात जाऊन भिक्षूंना विचारू, एवढंच तो म्हणाला.

बाहेर येऊन दोघांनी चपला घातल्या. त्याने आत हात घालून अलार्मवर 'घर रिकामं' दाबलं. अलार्मने ते घेतलं नाही. आईच्या खोलीत हालचाल आहे, असं पडद्यावर आलं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"बिघडलंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "चल तू..."

आतून घंटा सुरू झाली. सावकाश, थांबून थांबून.

त्याने वळून पाहिलं, तर लाय पेंगने चपला काढूनही ठेवल्या होत्या.