न घेतलेलं माप

"ताई, आज दुकानात... मला ओळख दाखवू नकोस गं."

धाकटी आरशाकडे बघत हे बोलली, आणि तिची वेणी घालणारे ताईचे हात जागच्या जागी थिजले... क्षणभरच! मग बोटं पुन्हा चालू लागली. वडिलांमागोमाग आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. तेव्हापासून ताईच तिची आई झाली होती आणि तिच्यापायी स्वतःला सांगून आलेली दोन स्थळं तिने हसत हसत परत पाठवली होती.

"सासूबाई म्हणाल्या, एका दिवसाच्या मिरवण्याला एवढा खर्च कशाला, पोशाख भाड्याने आणू, वाचलेले पैसे तुमच्या संसाराला होतील. पण दुकान नेमकं तू कामाला आहेस तेच निघालं! त्या घरी आल्या तेव्हा तू कामावर होतीस ना... मी सांगून बसलेय, बहीण परगावी मोठ्या हुद्द्यावर आहे."

"आणि लग्नात गं?"

धाकटीने मान खाली घातली. "तिला सुट्टी मिळत नाही... असं सांगितलंय."

"बरं," ताई म्हणाली. एवढंच! काळजात काहीतरी तुटलं, पण वेणी मात्र घट्ट बसली.

दुकानाच्या मागच्या खोलीत उंच आरसा होता आणि भिंतीभर पिशव्यांत टांगलेले पोशाख. भाड्याच्या कापडाला कात्री लावायची नाही, हा मालकिणीचा कडक नियम. नवरीच्या अंगाबरोबर कच्चे टाके घालायचे आणि पोशाख परत आला की सगळे उसवायचे, जणू ती नवरी त्यात कधी नव्हतीच! कितीतरी नवऱ्या ताईच्या हाताखालून सजून गेल्या होत्या. वळून तिचं नाव मात्र एकीनेही विचारलं नव्हतं.

"जरा लवकर आवरा हं, बाई," स्टुलावर उभी राहत धाकटी म्हणाली.

बाई! ताई गुडघ्यांवर बसली.

"घेर थोडा आवरा," होणाऱ्या सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "आमच्या नवरदेवाला शेजारी उभं राहायला जागा नको का?"

ताईच्या हातांना जणू स्वतःचीच स्मृती होती. डावा खांदा अर्धं बोट वर घेतला, पाठीशी सैल सोडलं, घेराची कड चवड्यावर चालणाऱ्या पावलांना बेतून टाचली...

"थांबा!" सासूबाई उठून जवळ आल्या. "माप कुठे घेतलंत तुम्ही? आणि हिचा डावा खांदा उतरता आहे, हे मलाही आजवर दिसलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत ताई पहिल्यांदाच माप घ्यायला विसरली होती!

"नजरेनेच कळतं हो... सवय असते."

"मग पाठ का सैल सोडलीत?"

"घट्ट झालं की हिला लहानपणापासून श्वास..."

शब्द निसटून गेला! ताईने डोळे मिटून घेतले. "चुकलं माझं. दुसऱ्याच मुलीशी गल्लत झाली. किती जणी येतात..."

धाकटीला आता फक्त गप्प राहायचं होतं. ताईने तिचं खोटं आपल्या अंगावर ओढून घेतलं होतं. पण समोरच्या आरशात तिला ती वाकलेली मान दिसली, पांढुरका झालेला भांग दिसला... आणि तिचा बांध फुटला.

"गल्लत नाही झाली! ही माझी ताई आहे. परगावी कुणीच नाही, मीच खोटं बोलले! ताई, भाड्याचा पोशाख घालायला मला लाज वाटली नाही गं... तुझी वाटली!"

"माझ्याशी खोटं बोललीस, त्याचं आपण नंतर बघू," सासूबाई म्हणाल्या. "आधी हिला विचार, लग्नाला येणार का. तुझ्या वतीने मी नाही विचारणार."

"येशील, ताई? माझ्याशेजारी उभी राहशील?"

लग्नानंतर ताईला घरी एकच ताट घ्यायचं होतं, एकच अंथरूण घालायचं होतं. ते काही टळणार नव्हतं. आणि सकाळचं ते वाक्यही इतक्यात विसरता येणार नव्हतं...

"येईन," ताई म्हणाली. "आता सरळ उभी राहा बघू. रडलीस की खांदे हलतात, आणि उजवी बाजू अजून राहिलीय."

पण टाचणी कुठे लावायची, तेच तिला दिसेना.