तव्यावरचे निळे दाणे

"विमानाच्या जुन्या रबराबद्दल कुणाला सांगावं? महिनाभरात कळवा."

नऊ जुलैच्या त्या पत्राला श्यामकांत वर्तकांनी उत्तर दिलं नव्हतं. खाजगी तपास करणाऱ्या आपल्याला विमानातलं काय कळतं, असं वाटून त्यांनी ते एका पुस्तकात ठेवलं होतं.

पुढच्या मार्चमध्ये, ते पत्र लिहिणाऱ्या शांताराम परबांची पत्नी कुमुद वर्तकांच्या दिल्लीतल्या, मुनिरक्याच्या खोलीत आली. वायुदलाचं प्रशिक्षणाचं जेट विमान उतरताना ब्रेक लागला नव्हता. शिकाऊ वैमानिकाचे दोन्ही पाय गेले. ब्रेकमधलं रबरी सील नऊ वर्षांचं निघालं. पाकिटावर तारीख मात्र गेल्या ऑगस्टची. वायुदलाला सुटे भाग पुरवणारं गोदाम शांतारामांकडे, म्हणून संशयही त्यांच्यावर.

"ते बोलतच नाहीत, वर्तकसाहेब. पाकिटातले ओल शोषणारे दाणे भाजायला माझा तवा गोदामात नेणारा माणूस असं करेल? खरा चोर शोधा."

वर्तक मेहुण्याच्या, जयंतच्या स्कूटरवर गाझियाबादला त्या गोदामात गेले.

तपासनीस हेमलता म्हणाली, "मी बंद पाकिटावर शिक्का मारते, सर. उघडत नाही."

"ऑगस्टमध्ये इथली हवा कशी होती?"

"छत गळत होतं. भाजलेले निळे दाणे उघडे राहिले, तर चहा पिऊन येईपर्यंत गुलाबी व्हायचे."

व्यवस्थापक बळवंत हसला. "निळे काय, गुलाबी काय, माल वेळेवर गेला पाहिजे. ते वेड शांतारामचं."

"दुसरं कुणी भाजायचं?"

"टाइम कुणाला आहे, यार?"

त्याच खेपेतलं उरलेलं एक पाकीट वर्तकांनी कापलं. आतलं सील बोटाखाली तडकलं. सोबतच्या पुडीतले दाणे गर्द निळे होते.

वर्तक खोक्यावर बसले.

"बळवंतच ना, भाऊजी?" जयंतनं विचारलं.

"चल, परबांकडे."

परबांच्या घरी वर्तक खाली बघूनच बोलले. "पाकीट ऑगस्टच्या ओलीत भरलं. घाईत फसवणारा माणूस दाणे तसेच गुलाबी भरेल. हे आधी भाजले आणि लगेच पाकीट बंद केलं. खोटं काम करतानाही ज्याला ओले दाणे भरवत नाहीत, असा त्या गोदामात एकच माणूस आहे."

कुमुदनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या हातातला पेला कलला, पाणी साडीवर सांडलं. तिला कळलंच नाही.

"जुनी सीलं नव्या पाकिटांत भरायला बळवंतनं सांगितलं होतं," शांताराम म्हणाले. "महिनाभर थांबलो. उत्तर आलं नाही. वाटलं, कुणालाच काही पडलेलं नाही."

"आणखी किती विमानांत गेली ती सीलं?"

"अकरा."

"नंबर?"

शांतारामांनी अकराही नंबर तोंडपाठ सांगितले. जयंत ते लिहून शेजाऱ्यांच्या फोनकडे धावला.

"म्हणजे यांनाच पकडायला मी तुम्हाला आणलं," कुमुद म्हणाली.

संध्याकाळपर्यंत अकरा विमानं जमिनीवर थांबवली गेली. बळवंत आणि शांताराम दोघांनाही पोलिसांनी नेलं.

वर्तकांनी पुस्तकातलं पत्र काढून चौकशी समितीकडे दिलं. ते कधी मिळालं आणि कुठे पडून होतं, हेही लिहून दिलं. मग पोस्टकार्डं घेतली. तीन लिहून फाडली, चौथं शांतारामांच्या कोठडीच्या पत्त्यावर टपालपेटीत टाकलं.

"तुमचं नऊ जुलैचं पत्र मिळालं. कुणाला सांगावं, असं विचारलं होतंत. मला सांगितलं होतंत. मी घरीच होतो."