नावाडी वाचला

तिच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. पाकीट शब्दकोशात ठेवलेलं होतं. शब्द शोधायला कोश उघडावा, तर आधी तेच हाती यावं. वहिनी एकदा म्हणालीही, “भाऊजी, पत्र उबवताय की काय?”

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. जगाच्या चुका काढणाऱ्या या माणसाला स्वतःचं एक वाक्य धड बोलता येत नसे. शनिवारी संध्याकाळी तो एकटाच चित्रपटाला जाई. अशाच एका शनिवारी, चित्रपट ऐन रंगात आला असताना शेजारची बाई उठली आणि वाकून हळूच म्हणाली, “मी नर्स आहे, रात्रपाळी आहे हो… पुढच्या शनिवारी मला शेवट सांगाल?”

साबणाचा मंद वास मागे राहिला. आठवडाभर तो शेवट घोकत होता.

मग ते ठरूनच गेलं. ती अर्ध्यावर उठायची, तो पुढच्या खेपेला शेवट सांगायचा. मतं मात्र तिची. हेरांच्या चित्रपटात म्हणे नुसती पळापळ. एकाने तरी घोटभर पाणी प्यावं की नाही? राजवाड्याच्या चित्रपटात दागिने बघावेत, गोष्ट मागू नये. आणि त्या लांबलचक प्रेमपटातला नायक खिडकीशी गप्प उभा राहिला, तेव्हा ती कुजबुजली, “हा अगदी तुमच्यावर गेलाय. बोलेल का हो कधी?”

“बोलेल…” तो म्हणाला, “जरा वेळ द्या त्याला.”

नावाड्याच्या चित्रपटात नावाडी बुडाला. पण रात्रभर आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या बाईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने नावाड्याला पोहत काठावर आणलं, वर त्याचं लग्नही लावून दिलं. ती इतकी खुलली, की पुढे त्याला ती खोडच लागली.

तिची दुसऱ्या गावी बदली झाली. मग ते पत्र आलं. “इथे नावाड्याचा चित्रपट लागला होता. सुट्टी होती, शेवटपर्यंत पाहिला. नावाडी बुडतो की हो! आणखी किती जणांना असं वाचवलंत?”

चोरी पकडली गेली, असं वाटून त्याने पत्र मिटलं ते मिटलंच.

मग एका शनिवारी गंमत झाली. चित्रपटाचा शेवट चक्क गोड झाला. हरवलेला माणूस दारात उभा, बायको हसतेय… कुणालाही वाचवायची गरज नव्हती. तो आनंदाने शेजारी वळला. खुर्ची रिकामी होती. शेवटाला ती नेहमीच रिकामी असे, पण आता पुढचा शनिवारही रिकामाच होता. इतका चांगला शेवट, आणि सांगायला कुणी नाही.

घरी येऊन त्याने पत्र पुन्हा उघडलं. चुका शोधायची सवय. आभाराच्या दोन ओळी खाली होत्या, त्या तेव्हा नजरेतून निसटल्या होत्या. “वॉर्डात जे आमच्या हातून वाचत नाहीत, त्यांच्यासाठी रडू आलं की मी तुमचे शेवट आठवते. फार आधार दिलात.”

त्याने लिहायला घेतलं. खाडाखोड झाली, तशीच राहू दिली.

“पाच जणांना वाचवलं. सहावा मी, मला तुम्ही वाचवलंत. त्याचे आभार मानायचे राहिले होते. आजचा चित्रपट छान होता, शेवट समोर बसून सांगेन, खराखुरा. आपल्या गोष्टीचा शेवट मात्र मला एकट्याला सुचत नाही. पुढच्या रविवारी तिकडे येऊ का?”

पाकीट टपालपेटीच्या तोंडाशी धरून तो क्षणभर थबकला. खिडकीशी उभा राहिलेला तो नायक आठवला… आणि त्याने पाकीट आत सोडलं.